काजीच्या डोंगरीचं गाऱ्हाणं

पेडण्याच्या रजिस्ट्रार कचेरीत त्या दिवशी कुणीच वेळेवर जेवलं नाही. कारण वाघ.

झालं असं, की साहेबांनी कमलाक्षी आतेला एक साधाच प्रश्न विचारला. "आजी, मृत्युपत्र करताय ते ठीक. पण कोरगावची ही काजूची डोंगरी तुमच्याकडे आली कशी?"

आतेने पदर खोचला, कदेल पुढे ओढून मांडी ठोकून बसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई कचेरीतल्या खुर्चीवर मांडी घालून बसते म्हटल्यावर चार कारकून तिथेच जागे झाले.

"सांगतंय," आते म्हणाली. "पण तेच्यात एक वाघ येता. तो इल्यार कोणी उठून पळू नकात."

तर वर्ष एकोणसाठ. आते तेव्हा बारा वर्षांची. तेव्हा पेडण्याच्या टोकाला सरहद्द होती. अलीकडे पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगिजांचं राज्य, पलीकडे हिंदुस्थान, मधे नाके आणि बंदुका. आतेचा बाप सदाशिव रानातल्या वाटांनी इकडची काजी तिकडे आणि तिकडचं कापड इकडे करायचा. एकदा नाक्यावरच्या शिपायाने झाडलेली गोळी त्याच्या टोपीतून आरपार गेली. डोकं वाचलं, पण त्याच डोक्यात आलं, की आता मृत्युपत्र करून टाकावं. पळताना पाय मुरगळला होता, म्हणून नोटरसाहेबच घोड्यावर बसून डोंगरीवर आला. साक्षीदार दोन लागतात. एक शेजारी मिळाला. दुसरा सरहद्दीच्या भानगडीला भिऊन येईना.

"आणि तितक्यात," आते हळू आवाजात म्हणाली, "वाघ झरीवर पाणी पिऊक इलो."

"मग?" सगळ्यात तरुण कारकून म्हणाला.

"मगे काय? मी तेका म्हटलंय, बस रे. तो बसलो. नोटरान नाव विचारला, मी सांगितलंय वाघ. गाव विचारलो, सांगितलंय रान. नोटरान शाईचा भांडा पुढे केला, वाघान पंजो बुडवून कागदार मारलो. बापाय म्हणालो, जी चेडू वाघाक बसवता, डोंगरी तिची. अर्धा पोरांका सारख्या वाट्यान देवकच होया, तो कायदो. उरलेल्या अर्ध्यार बापायची मर्जी. ती मर्जी वाघान बघितली."

"तो कागद आहे का हो आजी?" साहेबांनी विचारलं. हसू आवरायला त्यांनी तोंडासमोर फाइल धरली होती.

"वाळवीन खाल्लो. फक्त पंजाकडचो तुकडो सोडलो."

"तो का सोडला?"

"भियेली."

यानंतर पंखा सोडून त्या कचेरीत सगळं बंद पडलं. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले, पाणी प्यायले, तरुण कारकुनाला ठसका लागला त्याच्या पाठीवर दुसऱ्याने थापट्या मारल्या, आणि मग कुठे खरं काम सुरू झालं.

आतेला मूलबाळ नाही, नवरा श्रीनाथ जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हा कुणाला काय द्यायचं हा सगळा तिच्या मर्जीचा मामला. भावाची तीन मुलं. महेश, योगेश आणि सिद्धी. आतेने सांगितलं, "रस्त्याकडचा घर दोघा भावांका. डोंगरी सिद्धीक." साहेबांनी लिहून घेतलं. साक्षीला शेजारचा भिकाजी होता आणि बसमधून उतरताना हाती सापडला तो धाकू. धाकूने सही ठोकली. भिकाजी पेन उचलणार इतक्यात आते म्हणाली, "आणि सायबा, घरामागचो फणस माझो, असा पण लिवा."

भिकाजीने पेन खाली ठेवलं.

"मगे मी सही करूचंय नाय."

आता हा फणस आतेच्या आणि भिकाजीच्या घरांच्या मधोमध हद्दीवर उभा आहे. बुंधा कुणाच्या बाजूला जास्त सरकलाय यावर चाळीस वर्षं भांडण चाललंय. दोघांची सुंभाने मापं घेऊन झाली, शंभू तलाठ्याने येऊन बघून झालं, आणि तो तलाठी फणस खाऊन निवृत्तही झाला.

"आजी, झाड हद्दीबरोबर जातं, वेगळं लिहायची गरज नाही," साहेब घाईने म्हणाले. मग भिकाजीने सही केली, पण पेनाचं टोपण दोनदा जोरात आपटून.

निघताना आतेने विचारलं, "आता पक्का झाला ना?"

"मृत्युपत्र पक्कं आहे आजी. पण तुमच्या पश्चात कुणी कोर्टात गेलं, आजीला भ्रम झाला होता म्हणालं, तर त्याला जाण्यापासून आम्ही अडवू शकत नाही."

"आणि मगे निकाल लागाक किती काळ?"

साहेबांनी वर पंख्याकडे बघितलं. "माझे वडील एका विहिरीसाठी गेले होते. ती विहीर आता बुजलीय."

बसमध्ये आते खिडकीशी बसली आणि कोरगाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. धाकूने भिकाजीला खुणेने विचारलं, हिला बरं आहे ना?

तिला दिसत होती सिद्धी. तीन वर्षांपूर्वी डोंगरीला वणवा लागला, अर्धी काजी जळून कोळसा झाली. त्या उन्हाळ्यात सिद्धीने साठ रोपं लावली आणि खालच्या झरीचं पाणी डोक्यावरून वर नेऊन जगवली. साठातली अठ्ठावन्न जगली. दोन मेली त्यांच्यासाठी ती अजून हळहळते. फेब्रुवारी ते मे तिच्या अंगाला बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा वास असतो, भट्टीवर त्या रसाची पहिल्या धारेची दारू, हुर्राक, उतरत असतो, आणि बाजारात बायका तिला ओळखतात त्या वासावरून. तिची डोंगरी कुणी कोर्टात नेऊन ठेवली, तर ती पाणी घेऊन वर चढणार कशी? आणि झाडं काय निकालाची वाट बघत थांबतात?

आणि कोर्टात कोण जाणार, हे आतेला पक्कं ठाऊक होतं.

महेश डिचोलीला राहतो. पूर्वी त्याचे खनिजाचे दोन ट्रक होते. खाणी थांबल्या, ट्रक विकले, आता तो जमिनीची कामं करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या जमिनी बघून मान हलवतो. मोपाला विमान उतरायला लागल्यापासून त्याला आतेची भारी माया सुटली होती. दर रविवारी हजर. येताना केक आणायचा, पाववाल्या पदेराच्या उंड्यांवर वाढलेल्या बाईला.

"आते, विमानतळ हंयसून अकरा मिन्टां," तो डोंगरीवर उभा राहून म्हणायचा.

"माका खय जावचा आसा रे?"

"तुका नाय गो! लोकांका. दिल्लीचे लोक येतत, तेंका अशी डोंगरी होयी. हंय तळी, थंय बंगले…"

"आणि काजी?"

"काजी ते हाटेलात खातले."

धाकटा योगेश त्याच्यामागे उभा असायचा. सरकारी नोकरीतला गरीब गडी. आयुष्यात त्याने स्वतःचं असं मत एकदाच दिलं होतं, भाजीत मीठ जास्त आहे म्हणून, आणि नंतर ते मागे घेतलं होतं. महेश काही बोलला की तो म्हणायचा, "तेंच."

सिद्धी हे सगळं ऐकत बोंडू गोळा करायची. एकदाच म्हणाली, "दादा, पाय उचल. रोपार उभो आसस."

आता महेश कोर्टाला भीत नव्हता, वकिलाला भीत नव्हता, आतेला तर नव्हताच. पण एकाला भीत होता. डोंगरीच्या राखणदाराला, देवचाराला.

डोंगरीच्या माथ्यावर एक काळा दगड आहे. तो देवचार. दर वर्षी काजी काढायच्या आधी तिथे त्याची राखण द्यायची असते: रोट, कोंबडा, थोडा सोरो, म्हणजे दारू, आणि विडी. देवचार म्हणजे खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात वहाणा, रात्रीचा हद्दीवरून फिरणारा. बारा वर्षांपूर्वी महेशने एकदा राखण चुकवली. त्याच आठवड्यात डिचोलीला त्याचा ट्रक सरळ, कोरड्या रस्त्यावरून गटारात गेला. ड्रायव्हरला डुलकी लागली होती, हे ड्रायव्हरने स्वतःच कबूल केलं. पण आतेने महेशला सांगितलं होतं, की घोंगडीवाला एक म्हातारा ट्रकापुढे येऊन बसला, काचेवर काठीने टकटक केलं आणि विचारलं, विडी आसा काय?

त्या वर्षापासून महेश राखणेला विड्यांचे दोन कट्टे घेऊन येतो.

बसमधून उतरल्या उतरल्या आते घरी गेलीच नाही. तडक फणसाखाली उभी राहिली आणि हाक मारली, "रे भिक्या!"

भिकाजी जनेलाच्या गजांमधून बघू लागला. हा भिकाजी देवाला गाऱ्हाणं घालण्यात पेडणे महालात एक नंबर. आवाज असा, की त्याने कोरगावात देवाला हाक मारली तर मोपाचं विमान चुकून उतरेल, असं आतेच सांगते.

"राखणेचा गाऱ्हाणा तूच घालतलस ना?"

"दर वर्साक कोण घालता? तुझो वाघ?"

"यंदा मधी चार शब्द जास्तीचे घाल." आणि कोणते चार शब्द, ते तिने सांगितलं.

भिकाजीने दाढी खाजवली. "कमळे, देवाक फसवतलंय काय मी?"

"देवाक खरा तेंच सांगूचा. मृत्युपत्रात आसा तेंच. फकत महेशाक आयकूक येता असा सांगूचा. तेणां 'व्हय म्हाराजा' म्हटला की झाला. तेच्यामागे तो कोर्टात जातलो? डोक्यार पिस्तूल ठेवलास तरी जावचो नाय."

"आणि फणस?"

"फणस माझो."

भिकाजीने एकदा फणसाच्या बुंध्याकडे बघितलं. मग मिशीतल्या मिशीत हसला. "बरां. घालतंय."

तो इतक्या लवकर हो म्हणाला, याचं आतेला जरा नवल वाटायला हवं होतं. पण ती खुशीत होती.

राखणेचा दिवस उजाडला. सकाळी दहाला सगळे डोंगरीवर. काजीला मोहर, वर लाल-पिवळे बोंडू लटकलेले. सिद्धीने दगड धुतला, केळीच्या पानावर रोट ठेवला. खाली तीन दगडांच्या चुलीवर कोंबड्याचं कालवण चढलं होतं आणि त्या वासाने योगेश दर दोन मिनिटांनी तिकडे बघत होता. महेशने विड्यांचे दोन कट्टे दगडापुढे नीट ठेवले, काडेपेटीही ठेवली, वर म्हणाला, "नवी आसा." भिकाजीने देवाला सोरो दिला, देवाचा झाल्यावर एक कोप, पेलाभर, आपल्यालाही ओतून घेतला. आवाज मोकळा व्हायला.

मग हात जोडून उभा राहिला. मागे सगळे, माना खाली, डोळे मिटून.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या डोंगरीच्या राखणदारा, बारा वाटांच्या धन्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या ह्या लेकरांनी तुका रोट दिलो, कोंबो दिलो, सोरो दिलो, विडी दिली, काडेपेटी दिली, ती नवी आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"यंदा बोंडू भरपूर येवंदेत, वणवो लांब रवांदे, आणि माकडांका दुसऱ्याच्या डोंगरीची वाट दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सिद्धी मनापासून म्हणाली.

आता ज्यांनी लहानपणापासून गाऱ्हाणी ऐकलीत त्यांना ठाऊक आहे. पहिली दोन वाक्यं कानाने ऐकायची, पुढची तोंडाने. डोकं दुसरीकडे गेलं तरी 'म्हाराजा' आलं की तोंड आपोआप उघडतं. महेशचं डोकं अकरा मिनिटांवर होतं. योगेशचं चुलीवर.

"आणि म्हाराजा! तुझ्या लेकीन, कमलाक्षीन, रस्त्याकडचा घर आपल्यामागे दोघा भावांका देवचा ठरवलां हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही डोंगरी, माथ्यापासून झरीपर्यंत, सगळ्या झाडांसकट सिद्धीक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सिद्धीचे हात जोडलेलेच राहिले, पण तिचा आवाज काही आला नाही. आतेने एक डोळा किलकिला करून बघितलं. महेश डोळे मिटून, भक्तीने, मान डोलवत होता.

"ह्या दोघा भावांच्या मनात कायेक वाकडा येवंदे नको, आणि कोणी कोर्टाची पायरी चढलो, तर तू काठी घेवन तेच्या वाटेत बस रे म्हाराजा!"

"व्हय म्हा…"

महेशचे डोळे फाडकन उघडले. तोंड अर्धं उघडं. 'म्हा' बाहेर, 'राजा' आत.

आता करणार काय? गाऱ्हाणं चालू असताना मधे बोलायचं नसतं. आजवर कोरगावात कुणी बोललेलं नाही. आणि 'व्हय' म्हणायचं मधेच थांबवलं, तर थांबवणारा कोण ते देव बघतो. महेशने आतेकडे बघितलं, आते डोळे मिटून मूर्तीसारखी उभी. भिकाजीकडे बघितलं, त्याला सोरो चढत होता. आणि तेवढ्यात, खोटं नाही, वरच्या आंब्यावरून मोर असा किंचाळला की योगेशने महेशचा सदराच धरला.

"…राजा," महेश म्हणाला.

"तेंच," योगेश म्हणाला.

इथे गाऱ्हाणं संपायचं होतं. आतेने सांगितलेले शब्द संपले होते. पण भिकाजी रंगात आला होता.

"आणि म्हाराजा! काजीच्या दिवसांत महेशान आपली गाडी घेवन येवन बोंडू भट्टीर पोचयताना तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," महेश केविलवाणा म्हणाला. त्याची गाडी पांढरी होती, सीट पांढऱ्या होत्या.

"योगेशान दोन दिस रजा घेवन बोंडू वेचूक येताना तेची कंबर दुखूक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," योगेश म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते समजून घ्यायला चुलीकडे बघू लागला.

आतेला आता हसू आवरेना. पोट दुखायला लागलं. पदर तोंडात कोंबून ती डोलत होती. जिंकली होती ती! साहेबांना जमलं नाही ते एका दगडाने आणि दोन कट्टे विड्यांनी केलं होतं. तिला वाटलं आता बापाय असायला हवा होता, टोपीतल्या भोकातून बघायला. भिकाजी काय बोलतोय इकडे तिचं लक्षच उरलं नव्हतं. कानावर फक्त लय येत होती, आणि लयीच्या शेवटी 'म्हाराजा' आलं की ती सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होती.

"व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि घरामागच्या हद्दीरचो फणस भिकाजीचो, ह्या कमळीन चाळीस वर्सांनी मान्य केला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आते ओरडली. एकटीच. इतक्या जोरात, की आंब्यावरचा मोर उडून गेला.

 चुलीवर कोंबडा रटरटत होता.

आतेने डोळे उघडले. भिकाजी अक्षता दगडावर वाहत होता, अगदी सावकाश, एकेक दाणा.

"भिक्या!"

"चूक-भूल पोटात घाल रे म्हाराजा," भिकाजी म्हणाला, आणि नमस्कार केला.

"मेल्या! भामट्या! म्हातारपणात देवापुढे चोरी करतस?"

"मी खय चोरी केली? मी मागितलंय. तू दिलस. सगळ्यांनी आयकला."

पहिल्यांदा हसला तो महेश. खरं तर त्याला रडायचंच होतं, पण आतेचं ते तोंड बघून त्याच्याने राहवेना. मग योगेश हसला, मग सिद्धी. सिद्धी हसता हसता मटकन बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते हसण्याचं किती आणि कशाचं किती, हे तिने पदराआड ठेवलं. शेवटी आतेलाही हसू फुटलं. ती काळ्या दगडाला टेकून इतकी हसली, की महेश घाबरून म्हणाला, "आते, तेका टेकू नको!"

जेवायला बसल्यावर त्याने एकदा चाचपून बघितलं. "आते, गाऱ्हाणा बदलूक येता काय गो? थोडासा?"

"तेका विचार." आतेने दगडाकडे बोट दाखवलं.

महेशने दगडाकडे बघितलं. विड्यांच्या कट्ट्याकडे बघितलं. मग सिद्धीला म्हणाला, "दर वर्साक काजी तरी पाठय गो, भाजून."

"पाठयतंय. आधी गाडी घेवन ये."

तो आला. मार्चमध्ये पांढऱ्या सीटवर गोणपाट पसरून बोंडू भट्टीवर नेले. ती गाडी आता अख्ख्या डिचोलीत वासावरून ओळखतात. योगेशने दोन दिवसांची रजा घेतली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून राहिला, त्याला हुर्राकाची चव कळली होती. कोर्टाचं नाव कुणी काढलं नाही. उलट महेशच बाजारात लोकांना सांगत सुटला, की त्या दिवशी गाऱ्हाण्याला माझ्यामागून एक जाडा आवाज 'व्हय म्हाराजा' म्हणाला, मी वळून बघितलं तर कुणी नाही, फक्त विडीचा धूर.

हे आतेने त्याला सांगितलं नव्हतं. खोटं कशाला बोला, तिला थोडा हेवाच वाटला.

मे महिन्यात फणस पिकला. आते मागच्या दारात बसून भिकाजीला शिडी लावताना बघत होती. मुद्दाम बघत होती, त्याला चढताना लाज वाटावी म्हणून. त्याने सगळ्यात मोठा फणस उतरवला, तिच्याच पायरीवर आणून कोयतीने फाडला, आणि अर्धा तिच्या पुढ्यात सरकवला.

"हो कित्याक?"

"कायद्याचो अर्धो," भिकाजी म्हणाला.

आतेने एक गरा तोंडात टाकला. गोड होता. फारच गोड होता, म्हणून तिने तोंड वाकडं केलं.

"आणि उरलेलो?"

"उरलेल्या अर्ध्यार मर्जी," भिकाजी म्हणाला. "पण ती बघूक तुझो वाघ घेवन ये."

"तो खयसून हाडू? तो ह्याच फणसाखाली बसलो होतो," आते म्हणाली आणि दुसरा गरा उचलला. "वर्ष एकोणसाठ. बस, सांगतंय…"